सेलिनाची सात वर्षं

सेलिना पाचाय मांता शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलातून गर्भपिशवी काढून घरी आली, तेव्हा दारात तिची थोरली बहीण तोमासा गावठी कोंबडीच्या रश्श्याचं पातेलं घेऊन उभी होती, आणि आत माळ्यावर एक नवीकोरी शवपेटी येऊन बसली होती.

रस्सा बघून सेलिनाला बरं वाटलं. पेटी बघून पाय तिथंच थांबले.

“न्यान्या,” थोरलीला ती न्यान्याच म्हणायची, “ते वर काय आहे?”

“कुठं? ती होय. पेटी आहे.” वर भोपळे ठेवलेत अशा आवाजात तोमासा म्हणाली. “तू आधी आत ये. वारा लागेल. दार लाव गं बाई, दार लाव!”

आता आमच्या लोमा सेका गावात माळ्यावर पेटी असणं ही काही आक्रीत गोष्ट नाही. साठी उलटली की माणूस क्लोदोवेओ सुताराकडे जातो, जमिनीवर आडवा होऊन माप देतो, आणि पेटी घरी आणून तिच्यात मका भरून ठेवतो. रिकामी पेटी घरात ठेवत नाहीत, आणि मक्यालाही उंदीर लागत नाहीत. शेजारी कोणी अचानक गेलं तर मका ओतून काढायचा, पेटी उसनी द्यायची, आणि त्या घरानं महिन्याभरात नवी करून परत आणायची. वाटीभर साखर द्यावी तसं चालतं सगळं. पण सेलिना अवघी अठ्ठेचाळीसची होती. अठ्ठेचाळीसच्या बाईच्या माळ्यावर पेटी चढली, तर गावानं काय समजायचं?

“कोणासाठी आणलीस?”

“रस्सा पी.”

“न्यान्या!”

तोमासानं पातेलं खाली ठेवलं, एप्रनला हात पुसले आणि एकदाचं बोलून टाकलं. “हे बघ, तुला कोणीतरी सांगायलाच हवं. पिशवी काढलेली बाई आतून पोकळ होते. त्या पोकळीत वारा शिरतो. सात वर्षं. त्याच्या वर कोणी टिकत नाही.”

“कोणी सांगितलं तुला?”

“सांगायला कशाला लागतं? डोळ्यांनी बघितलंय. ती चौकातली देल्फिना. पिशवी काढली आणि सहाव्या वर्षी गेली.”

“ती केळ्यांच्या ट्रकखाली सापडली, न्यान्या!”

“हो, पण ट्रक दिसला का नाही तिला? पोकळ बाईची नजर जाते.”

सेलिनाला असं हसू फुटलं की टाके ओढले गेले, आणि ती पोट धरून “अगं आई गं, आई गं” करत खुर्चीत बसली. तोमासाला वाटलं वारा शिरला. तिनं लगेच पोटपट्टा आणखी दोन बोटं आवळला.

सेलिनाचे दोन्ही मुलगे ट्यूना पकडणाऱ्या बोटींवर. तीन-तीन महिने पाण्यात. नवरा कधीच दुसऱ्या बंदरात दुसऱ्या बाईकडे जाऊन राहिला होता, आणि तो गेल्यावर घरात जागा झाली असं सेलिना उघड म्हणायची. तेव्हा सेवेला उरली तोमासा. चौदा वर्षांनी मोठी. लग्न केलं नाही, कारण आई गेली तेव्हा धाकटीला सांभाळायचं होतं. धाकटी तेव्हा वीस वर्षांची घोडी होती, पण ते तोमासाला कोण सांगणार!

चाळीस दिवस तोमासानं तिला बाळंतिणीसारखं ठेवलं. केस धुवायचे नाहीत, गार पाणी नाही, मासळी नाही, डुकराचं नाही. रस्सा, भाजलेलं केळं, त्यावर शेंगदाणा-मक्याचं कूट, आणि परत रस्सा. गवताच्या टोप्या विणायचं रोजचं काम तर बंदच. लोमा सेकात टोपी उभ्यानं विणतात, लाकडी ठोकळ्यावर छाती टेकून, कमरेत वाकून. त्यानं पोटावर भार येतो म्हणून हॉस्पिटलच्या डॉक्टरांनीच सहा आठवडे मना केलं होतं. सेलिना नुसती बसून भिंतीकडे बघायची आणि भिंतीवरून नजर माळ्यावर जायची.

गंमत अशी की तिला बरं वाटत होतं. बरं म्हणजे काय, छान वाटत होतं. सहा वर्षं महिन्यातले बारा-बारा दिवस अंगावरून जायचं. गाठी झाल्या होत्या. विहिरीपासून घरापर्यंत येताना ती तीनदा बसायची, ओठ कागदासारखे पांढरे. आणि आता विसाव्या दिवशी तिला सकाळी उठून चक्क नाचावंसं वाटलं! पण माळ्यावर पेटी असताना माणूस नाचेल कसा? छान वाटतंय ते खरं की वर ठेवलंय ते खरं, हे काही तिला कळेना.

चाळीस दिवस सरत आले तेव्हा एके सकाळी डॉन उल्पियानो आला. काखेत जाडजूड वही.

उल्पियानो हा उत्सव समितीचा चिटणीस; आमच्याकडे मानाच्या पुरुषाला डॉन म्हणतात, बाईला दोन्या. संत पेद्रो आणि संत पाब्लोच्या उत्सवात गाव दोन सरकारं बसवतं, एक पांढरं, एक काळं. राष्ट्राध्यक्ष, मंत्री, राजदूत, पोलीस, सगळा थाट. चार दिवस खऱ्या सरकारला कोणी विचारत नाही; एरवी ते सरकारही आम्हाला विचारत नाही, तेव्हा फिटंफाट होते. अध्यक्षानं गावाला जेवू घालायचं, पहिला नाच नाचायचा आणि संतांच्या होडीत सगळ्यात पुढं उभं राहायचं. नावं कितीतरी वर्षं आधी वहीत लागतात. सेलिनाचं नाव पांढऱ्या सरकारच्या अध्यक्षपदाला लागलं होतं. बरोबर सात वर्षांनी.

“बाई, कशी आहेस?” उल्पियानोनं विचारलं, पण बघत होता माळ्याकडे.

“मजेत आहे.”

“हो, हो. असं वाटतं खरं सुरुवातीला.” तो खुर्चीच्या टोकावर बसला. “हे बघ सेलिना, राग मानू नकोस. समितीत बोलणं झालं. सात वर्षांचा प्रश्न आहे. ते नाव आपण खोडून टाकू या म्हणतात.”

सेलिनाच्या पोटात धस्स झालं. पोकळ म्हणे! पोकळ पोटात इतकं काही होतं का?

“का खोडायचं?”

“तुझ्या आईचं आठवतं ना? तीसुद्धा वहीत होती. अध्यक्षानं अंगावर घालायचा पट्टा शिवून तयार होता, आणि उत्सवाच्या तोंडावर गेली बिचारी. ऐन वेळी दुसरं माणूस मिळालं नाही. पांढरं सरकार बसलंच नाही त्या वर्षी, आणि मासळीनं पाठ फिरवली ती फिरवलीच. अठ्ठावीस वर्षं झाली, अजून लोक बोलतात. आता पुन्हा तेच घर, पुन्हा तीच…” त्यानं परत वर बघितलं. “घरच्यांनीच तयारी केल्यावर समितीनं काय करावं?”

सेलिनाला काय वाटलं ते स्पष्टच सांगतो. तिला दुसरं काही नको होतं. टोप्या मोठ्या शहरांत गेल्या, मुलगे समुद्रावर गेले, नवरा गेला, कशाचं काही नाही. पण आईची राहिलेली ती होडी तिला पुरी करायची होती. पांढरीफटक पडून शेवटच्या दिवसांतही आई खाटेवरून विचारायची, पट्ट्याला सोनेरी दोरा लावलात का गं? ते सेलिनाच्या कानातून जात नव्हतं.

“काय केलं म्हणजे नाव राहील?” तिनं विचारलं.

उल्पियानो हा वाईट माणूस नव्हे, नुसता भित्रा. त्यानं डोकं खाजवलं. “डॉक्टरचा कागद आण. ही बाई सात वर्षं जगेल असं लिहून, सही-शिक्क्यासकट. रविवारी प्रार्थनेनंतर समिती इथंच, तुझ्या अंगणात बसवतो. तुला चालायला नको.”

चाळीस दिवस झाले त्या दिवशी सेलिनानं केस धुतले, आणि तोमासा “ओल्या केसांनी कुठं निघालीस?” म्हणून ओरडत असतानाच दवाखान्याची वाट धरली. विहीर मागं पडली तरी कुठं बसावं लागलं नाही. हे तिच्या लक्षात आलं ते दवाखान्याच्या पायरीवर.

दवाखान्यात डॉक्टर आयदे होती. डोंगराकडची पोर, गाल लालबुंद, एक वर्षाच्या सक्तीच्या सेवेवर आलेली. उन्हाला शिव्या द्यायची, पण हाताला गुण होता.

“मला सात वर्षांचा कागद पाहिजे,” सेलिना म्हणाली.

“कसला?”

सेलिनानं सगळं सांगितलं. पेटी, वारा, देल्फिना, ट्रक, वही. आयदे आधी गंभीर होती, ट्रकपाशी आल्यावर तिनं टेबलावर डोकंच ठेवलं. मग डोळे पुसून तिनं हॉस्पिटलचे कागद वाचले, सेलिनाचं बोट टोचलं, बीपी बघितलं, पोट दाबून बघितलं.

“दोन्या सेलिना, ऐका. गाठी साध्या होत्या, कॅन्सर नव्हता. पिशवी काढली, पण अंडाशयं दोन्ही जागेवर आहेत. तीही काढली असती तर तुमच्या वयात हृदयावर आणि हाडांवर मला जास्त डोळा ठेवावा लागला असता. तसाही ठेवणारच आहे. रोज चालायचं, दूध प्यायचं, वर्षातून दोनदा बीपी दाखवायचं.”

“आणि ती पोकळ जागा?”

“कसली पोकळ जागा! आतडी सरकून बसतात तिथं. आत रिकामी खोली राहत नाही, भाडेकरू लगेच येतो.”

“मग किती वर्षं?”

“ते मी माझंही सांगू शकत नाही. मी उद्या तुमच्या केळ्यांच्या ट्रकखाली जाईन. पण आपल्या देशातल्या पन्नाशीच्या बाया अजून तीस-एक वर्षं सहज जगतात, आणि ह्या ऑपरेशननं त्यातलं एकही वर्ष तुमचं कापलं गेलेलं नाही. उलट बघा की! ऑपरेशनआधी तुमचं रक्त सहावर होतं, आज बारा आहे. सहाच्या रक्तावर तुम्ही चालत होतात कशा हेच मला कळत नाही.” मग तिनं सहज विचारावं तसं विचारलं, “आई कशानं गेली तुमची?”

“अंगावरून जाऊन,” सेलिना म्हणाली. “चार वर्षं जात होतं. मग एका आठवड्यात सगळंच गेलं. एक्कावन्नची होती.”

आयदेची लेखणी थांबली. “कोणी बघितलं होतं तिला?”

“कोण बघणार? रस्ता नव्हता तेव्हा.”

“तपासल्याशिवाय खात्रीनं बोलू नये,” आयदे हळू आवाजात म्हणाली, “पण बहुतेक तेच असणार. तुमच्या आईला ज्यानं नेलं, ते तुम्ही मांताला सोडून आलात, दोन्या सेलिना.”

घरी येताना सेलिना रडली. दुःखानं नाही, नुसतीच. तोमासा केळी सोलत होती. सेलिनानं तिच्यापुढं बसून जसंच्या तसं सांगितलं, रक्ताचा आकडा, सरकलेली आतडी, आणि शेवटी आईचं. तोमासाच्या हातातली सुरी थांबली.

“म्हणजे आईची काढली असती तर…”

“तर कदाचित होडीत उभी राहिली असती, न्यान्या.”

तोमासा दिवसभर एक शब्द बोलली नाही. बासष्ट वर्षांत पहिल्यांदा. शेजारीण विचारायला आली, तोमासा आजारी आहे का म्हणून.

रविवारी प्रार्थनेनंतर समिती अंगणात बसली. पाच माणसं, मधे उल्पियानो, मांडीवर वही. भिंतीच्या पलीकडं निम्मं गाव, काही काम नसल्यासारखं उभं. सेलिनानं विचेचं मोठं पातेलं चढवलं होतं. शेंगदाण्याच्या वाटणात मासळी शिजत होती आणि वासानं समितीचं लक्ष सारखं तिकडं जात होतं. तिनं डॉक्टरचा कागद उल्पियानोच्या हातात दिला. त्यानं चष्मा लावून मोठ्यानं वाचायला घेतलं.

“‘दोन्या दिओसेलिना पाचाय यांची तब्येत उत्तम आहे. ऑपरेशनमुळे त्यांचं आयुष्य कमी झालेलं नाही. सात वर्षांची हमी कोणताही डॉक्टर कोणालाच देत नाही. तरीही समितीला हमी लागत असेल, तर वहीत नाव असलेल्या सर्वांनी सोमवारी सकाळी उपाशीपोटी दवाखान्यात यावं. मी सर्वांचं बीपी, साखर आणि वजन बघेन…’” इथं त्याचा आवाज उतरला. “‘…आणि सुरुवात चिटणिसांपासून करेन.’”

भिंतीपलीकडून हशा पिकला. उल्पियानो स्वतः पुढच्या वर्षीचा काळा अध्यक्ष होता, आणि डुकराच्या तळलेल्या कातडीवर त्याचा इतका जीव की दवाखाना दिसला तर तो रस्ता बदलायचा.

“ते उपाशीपोटीचं मरू दे,” तो घाईघाईनं म्हणाला. “कागद ठीक आहे. पण पेटीचं काय? डॉक्टर परक्या गावची. पेटी घरच्या माणसानं आणली. घरच्या माणसाला काहीतरी माहीत असल्याशिवाय…”

“क्लोदोवेओ!” तोमासा दारातून कडाडली. “वर जा आणि पेटी खाली घे!”

क्लोदोवेओ सुतार आणि आणखी दोघं माळ्यावर चढले. दोर लावून पेटी अंगणात उतरवली, समितीच्या पुढ्यात. तोमासानं झाकण काढलं. आत निम्म्यापर्यंत मका. तिनं चपला काढल्या, स्कर्ट सावरला, आणि सगळ्या गावादेखत पेटीत शिरून मक्यावर आडवी झाली. डोकं एका टोकाला, टाचा दुसऱ्या टोकाला. दोन बोटांची जागा शिल्लक नाही.

“बघा! कोणाच्या मापाची आहे?” आवाज पेटीतून येत होता. “क्लोदोवेओ, माप कोणी दिलं तुला?”

“तूच दिलंस,” क्लोदोवेओ म्हणाला. “ही हॉस्पिटलात होती ना. तू म्हणालीस, माझ्यावरून घे, जरा मोठी झाली तर झाली.”

“पुढचं बोलू नकोस! माप माझं, तेव्हा पेटी माझी. मी बासष्टची आहे, मला पेटी ठेवायचा हक्क आहे. ही बुटकी हिच्यात झोपली तर वीतभर जागा उरेल, आणि उरलेल्या जागेत उल्पियानो, तुझी वही मावेल!”

आता सेलिनाला सगळं खरं माहीत होतं, क्लोदोवेओला माहीत होतं, आणि समितीलाही कळून चुकलं होतं. पण पेटीत झोपलेल्या बाईशी वाद कोण घालणार? उल्पियानोनं वही उघडली आणि सेलिनाच्या नावावर पेन नुसतं टेकवून परत उचललं.

“नाव राहील,” तो म्हणाला. “सोमवारचं मात्र कोणी मनावर घेऊ नका.”

भिंतीपलीकडं टाळ्या पडल्या. तोमासा काही उठेना. सेलिना घाबरून पेटीशी वाकली. तोमासा मक्यात कोपरापर्यंत हात घालून काहीतरी शोधत होती. मग तिनं एक कापडाची गुंडाळी ओढून काढली, मक्याचे दाणे झटकले, आणि पडल्यापडल्याच बहिणीच्या हातात दिली.

पांढरा पट्टा होता. कडेला सोनेरी दोरा. अठ्ठावीस वर्षांत जरा पिवळा पडलेला.

“तुझ्याबरोबर द्यायचं ठरवलं होतं,” तोमासा म्हणाली. आवाज अगदी बारीक झाला होता. “आईला घालायला मिळाला नाही. मला वाटलं, तुला निदान आत तरी घालीन. मला काय माहीत गं, मला काय माहीत!”

सेलिनानं पट्टा छातीशी धरला, दुसऱ्या हातानं बहिणीला पेटीतून ओढून काढलं, आणि दोघी तिथंच एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या, तोमासाच्या केसांत मका तसाच. समितीनं तोंड फिरवून विचे वाढून घेतलं.

ती पेटी पुढं तीनदा उसनी गेली आणि तीनदा नवी होऊन आली, दर वेळी तोमासाच्या मापाची. दर वेळी तोमासा तिच्यात मका भरताना म्हणायची, मला आत्ता सवड नाही. उल्पियानोला एका उत्सवात नाचताना चक्कर आली तेव्हा तो मुकाट्यानं आयदेच्या जागी आलेल्या डॉक्टरकडे गेला, आणि आता दोन गोळ्या घेऊन कातडी खातो. सेलिना रोज संध्याकाळी समुद्रापर्यंत चालत जायची, वर्षातून दोनदा बीपी दाखवायची, आणि पहाटे ठोकळ्यावर छाती टेकून टोप्या विणायची. एक्कावन्न लागलं त्या दिवशी तिनं आईच्या फोटोपुढं मेणबत्ती लावली. बावन्न लागलं त्या दिवशी दोन लावल्या.

आणि सातव्या वर्षी, होडी निघायच्या तासभर आधी, पांढऱ्या सरकारची अध्यक्ष दोन्या दिओसेलिना पाचाय आरशापुढं श्वास रोखून उभी होती. मागं एकोणसत्तर वर्षांची तोमासा गुडघ्यावर बसून पट्ट्याची दोन टोकं एकत्र आणायची शिकस्त करत होती. बाहेर बँड वाजायला लागला, मुलगे “आई, चल!” म्हणून हाका मारायला लागले, तरी टोकं काही भेटेनात. चार बोटांचं अंतर.

“आत घे गं पोट!”

“घेतलंय, न्यान्या!”

“अजून घे!”

“अजून जागाच नाही!”

तोमासानं पट्टा सोडला, बहिणीच्या भरल्या पोटावर चापट मारली आणि पिन शोधायला उठली.

“आणि म्हणे,” ती म्हणाली, “आतून पोकळ!”